देशी की परदेशी? भारतीय हॉकीच्या प्रशिक्षकपदाची पार्श्वभूमी

जून २०२५मध्ये प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात भारतीय पुरुष हॉकी संघ ओळीने सात सामने हरला आणि ‘फुल्टनला घरी पाठवा’ ही मागणी सुरू झाली. मुख्य प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्याच हाताखाली दहा महिन्यांपूर्वी संघाने पॅरिसमध्ये सलग दुसरं ऑलिंपिक कांस्य जिंकलं होतं, पण तेव्हाचे हारतुरे एव्हाना वाळले होते. एका गटाचं म्हणणं, आता आपला माणूस आणा. दुसऱ्याचं उत्तर, आपला माणूस आणून काय झालं ते आम्ही पाहिलंय. २००४पासून जवळजवळ प्रत्येक मोठ्या पराभवानंतर हा वाद झडतो आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या पोतडीत दाखले भरपूर निघतात.

सुवर्णकाळात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकपासून संघाबरोबर मॅनेजर जायचा. बोटीची तिकिटं, पैसे, जेवणखाण आणि शिस्त ही त्याची कामं. डावपेच कर्णधार आणि दोन-चार जाणते खेळाडू ठरवायचे. १९३६मध्ये बर्लिनला पोचल्यावर भारत सराव सामन्यात जर्मनीकडून ४-१ असा हरला. ध्यानचंद आणि व्यवस्थापनाने खल केला आणि मायदेशाहून अली दारा यांना धाडा असा निरोप गेला. दारा विमानाने आले, उपांत्य सामन्यात उतरले, आणि अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला भारताने ८-१ असं हरवलं. आज अशी वेळ आली तर आधी समिती बसेल.

पुढे हरबैल सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक आले. १९५२ आणि १९५६च्या सुवर्णपदकांमागे ते होते. तरी अधिकार कुणाचा हा गोंधळ संपला नाही. १९६८ला मेक्सिकोत गुरुबक्ष सिंग आणि पृथिपाल सिंग असे दोन संयुक्त कर्णधार पाठवण्याची शक्कल लढवली गेली. भारत प्रथमच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीबाहेर राहिला. याउलट १९७५चा विश्वचषक. चंदीगडला शिबिर, मॅनेजर बलबीर सिंग सीनियर, प्रशिक्षक गुरचरण सिंग बोधी आणि कर्णधार अजितपाल सिंग. कुणी काय करायचं याबद्दल संशय नव्हता. क्वालालंपूरला पाकिस्तानला हरवून भारताने आजवरचा आपला एकमेव विश्वचषक जिंकला.

वर्षभरात पायाखालची जमीनच बदलली. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. चेंडू वेगाने पळू लागला, तंदुरुस्तीला महत्त्व आलं, पेनल्टी कॉर्नर हे स्वतंत्र शास्त्र झालं. नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला आणि हव्या तितक्या वेळा खेळाडू बदलायची मुभा मिळाली. सामना चालू असताना बाकावरून संघ हलवणारा माणूस आता लागणारच होता. आपल्याकडे मात्र कृत्रिम मैदानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रशिक्षक म्हणजे जुना नावाजलेला खेळाडू हे समीकरण पक्कं. १९८०चं मॉस्कोचं सुवर्ण मिळालं खरं, पण बहिष्कारामुळे बरेच बलाढ्य संघ आलेच नव्हते.

प्रशिक्षकाची खुर्ची खरी डळमळीत झाली ती भारतीय हॉकी महासंघावरच्या के. पी. एस. गिल यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९९४ ते २००८. यातला सगळ्यात बोलका प्रसंग पराभवाचा नाही, विजयाचा आहे. १९९८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत महाराज कृष्ण कौशिक प्रशिक्षक होते आणि खडकीचा धनराज पिल्ले कर्णधार. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोक्सवर हरवून भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळवलं. बक्षीस काय मिळालं? धनराजसह बरेच ज्येष्ठ खेळाडू पुढच्या संघातून वगळले गेले आणि कौशिक यांचंही पद गेलं. जिंकूनही नोकरी टिकत नसेल तर हरल्यावर काय होणार!

ते २००२ला क्वालालंपूरच्या विश्वचषकात दिसलं. मुंबईचे सेड्रिक डिसोझा यांना स्पर्धा चालू असतानाच काढलं गेलं आणि सी. आर. कुमार यांच्या हाती संघ दिला. भारत दहावा आला. नंतर राजिंदर सिंग सीनियर आले. त्यांनी २००१चा ज्युनियर विश्वचषक जिंकून दिला होता, २००३चा आशिया चषकही जिंकला. तरी अथेन्स ऑलिंपिक काही आठवड्यांवर असताना त्यांना बाजूला करून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणण्यात आलं. भारताचे पहिले परदेशी मुख्य प्रशिक्षक ते हेच. खेळाडूंची नावं पाठ होण्याआधी ऑलिंपिक संपलं, भारत सातवा. परदेशी प्रशिक्षकाचा प्रयोग फसला असं तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं. मला तो प्रयोग वाटतच नाही.

मार्च २००८. चिलीच्या सँटियागोत ऑलिंपिक पात्रता स्पर्धेचा अंतिम सामना, समोर ग्रेट ब्रिटन. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल बसले आणि ते फिटलेच नाहीत. १९२८नंतर प्रथमच ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघ नसणार होता. प्रशिक्षक जोआकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. त्यांनी सहाच महिन्यांपूर्वी चेन्नईत आशिया चषक जिंकून दिला होता. पुढच्याच महिन्यात संघनिवडीसाठी लाच घेतल्याच्या आरोपाचं छुपं चित्रीकरण वाहिनीवर आलं आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघालाच निलंबित केलं. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवून देणारे रिक चार्ल्सवर्थ त्या सुमारास सल्लागार म्हणून भारतात होते. तेही काही महिन्यांत वैतागून परतले.

यानंतर पारडं परदेशी बाजूला झुकलं. स्पेनचे होसे ब्रासा २००९ला आले. त्यांच्या वाट्याला काय वाढून ठेवलं होतं ते पुण्यात बालेवाडीला दिसलं. जानेवारी २०१०, मायदेशातला विश्वचषक तोंडावर, आणि थकलेल्या पैशांसाठी खेळाडूंनी सरावावरच बहिष्कार टाकलेला. अशा वेळी प्रशिक्षक देशी असला काय नि परदेशी असला काय, मोकळ्या मैदानाला डावपेच शिकवता येत नाहीत. विश्वचषकात भारत आठवा आला, राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आठ गोल मारले, आणि ग्वांगझूच्या आशियाई कांस्यानंतर ब्रासा गेले. मग आले ऑस्ट्रेलियाचे मायकल नॉब्स. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारत सगळे सामने हरून बाराव्या म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. ‘देशी’ गटाचा हा आजही हुकमी एक्का आहे.

पण दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्याच टेरी वॉल्श यांनी इंचनला पाकिस्तानविरुद्ध शूटआउटमध्ये आशियाई सुवर्ण मिळवून दिलं, आणि काही आठवड्यांत, इथल्या क्रीडा नोकरशाहीच्या निर्णयपद्धतीशी आपलं जमत नाही असं कळवून ते गेले. पुढचे, नेदरलँड्सचे पॉल व्हॅन अ‍ॅस सात महिनेही टिकले नाहीत. अँटवर्पमध्ये मलेशियाविरुद्धचा सामना संपल्यावर हॉकी इंडिया या महासंघाच्या जागी आलेल्या संघटनेचे अध्यक्ष नरिंदर बत्रा मैदानातच खेळाडूंना सुनावू लागले, आपण त्यांना तिथून जायला सांगितलं, हे निमित्त झालं, अशी व्हॅन अ‍ॅस यांची बाजू. सामना भारताने जिंकला होता हे सांगायला हवं.

२०१८ला तर अदलाबदलच झाली. राष्ट्रकुलमध्ये पुरुष संघ चौथा आल्यावर नेदरलँड्सचे प्रशिक्षक श्यूर्ड मरीन्ये यांना महिला संघाकडे पाठवलं आणि महिलांकडचे हरेंद्र सिंग पुरुष संघाकडे आले. हरेंद्र यांनी २०१६ला लखनौत ज्युनियर विश्वचषक जिंकून दिला होता, त्यामुळे देशी गटाला आपला माणूस मिळाला. आठ महिने मिळाले त्यांना. भुवनेश्वरच्या विश्वचषकात नेदरलँड्सकडून उपांत्यपूर्व सामना १-२ असा गेला आणि जानेवारी २०१९मध्ये पद गेलं. तिकडे, पुरुष संघासाठी नापास ठरलेले मरीन्ये महिला संघाबरोबर तीन वर्षं राहिले. तोक्यो ऑलिंपिकमध्ये याच संघाने ऑस्ट्रेलियाला हरवून उपांत्य फेरी गाठली.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम रीड यांचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एप्रिल २०१९ला ते आले. टाळेबंदीत खेळाडू बेंगळुरूच्या केंद्रात महिनोन्‌महिने एकत्र राहिले. तोक्योतल्या दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असं धुतलं. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पाकिस्तानकडून याच फरकाने हरल्यावर गोलरक्षक मीर रंजन नेगी यांना देशद्रोही ठरवण्यापर्यंत मजल गेली होती. यावेळी संघात उलथापालथ झाली नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून भारताने ५-४ असा विजय खेचून आणला, ४१ वर्षांनी पदक आलं. श्रेय एकट्या रीड यांचं नाही. २०१८पासून ओडिशा सरकारचं प्रायोजकत्व होतं, त्यामुळे पैशांसाठी शिबिर बंद पडायचे दिवस सरले होते.

त्याच रीड यांनी जानेवारी २०२३मध्ये राजीनामा दिला. विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी घालवून भारत शूटआउटमध्ये हरला होता. दक्षिण आफ्रिकेचे फुल्टन आले, मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन आले. हांगझूचं आशियाई सुवर्ण आणि मग पॅरिस. तिथे ऑलिंपिकमध्ये ५२ वर्षांनी ऑस्ट्रेलियाला हरवलं, ब्रिटनविरुद्ध दहा खेळाडूंनिशी तग धरून शूटआउट जिंकलं. म्हणजे अलीकडे हाती ऑलिंपिक पदक लागलं ते ज्यांना वर्ष-दीड वर्ष तरी विनाव्यत्यय काम करू दिलं त्यांच्या काळात. कौशिक किंवा हरेंद्र यांना तेवढा अवधी मिळालाच नाही, त्यामुळे देशी प्रशिक्षक कमी पडतात हे अजून सिद्ध व्हायचंच आहे.

२०२५च्या त्या सात पराभवांनंतर हॉकी इंडियाने फुल्टन यांना हात लावला नाही. सप्टेंबरमध्ये राजगीरला दक्षिण कोरियाला ४-१ असं हरवून संघाने आशिया चषक जिंकला आणि २०२६च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. मागणी तेवढ्यापुरती थंडावली. देशी गटाने मात्र तोवर पुढचं नाव हेरलं होतं, पी. आर. श्रीजेश. पॅरिसच्या कांस्यानंतर गोलरक्षणातून निवृत्त होताच ज्युनियर संघ त्याच्याकडे दिला गेला आणि डिसेंबर २०२५मध्ये चेन्नईत त्या पोरांनी अर्जेंटिनाला हरवून ज्युनियर विश्वचषकाचं कांस्य मिळवलं.