दोष डिस्कचा, केबलचा की विंडोजचा?

जुलै संपत येतो, पीकविम्याची मुदत तोंडावर येते आणि परभणी-लातूरकडच्या तालुक्याच्या गावांतली सेवा केंद्रं सकाळपासून भरून जातात. नेमका अशाच वेळी एखाद्या केंद्रातला जुना कॉम्प्युटर अडून बसतो. माऊस हलतो पण क्लिक लागत नाही, फाइल उघडायला पाच मिनिटं लागतात, मधूनच आतून कट्-कट् आवाज येतो. ऑपरेटर दुरुस्तीवाल्याला फोन लावतो, "सर, मशीन लई हळू चालायलंय." तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "घेऊन या, फॉरमॅट मारू."

फॉरमॅट मारल्यावर मशीन काही दिवस बरं चालतंही, म्हणून या उपायावर लोकांचा विश्वास बसलाय. माझा नाही. विंडोज बिघडली असेल तर फॉरमॅट ठीक आहे. डिस्क बिघडली असेल तर दोष जागच्या जागी राहतो आणि वर डेटा जातो. केबलच सैल असेल तर सगळा खटाटोप वाया. या तिघांतलं नेमकं काय बिघडलंय, हे शोधायची साधनं फुकट मिळतात आणि एका पेनड्राइव्हवर मावतात.

पेनड्राइव्हच कशाला? विंडोजमध्ये बसून तपासलं तर चालत नाही का? चालतं, पण विंडोज स्वतः त्याच डिस्कवर उभी असते. अँटिव्हायरस, अपडेट, पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची फाइल), सगळ्यांची त्या डिस्कवर सतत ये-जा चालू असते. एखादा भाग वाचायला वेळ लागला तर तो खराब आहे म्हणून, की त्याच क्षणी मागे अपडेट उतरत होतं म्हणून, हे कळायला मार्ग नसतो. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की सिस्टिम पेनड्राइव्हवरून आणि रॅममधून चालते, हार्ड डिस्कला दुसरं कोणतंही काम उरत नाही. विंडोज सुरूच होत नसेल तर प्रश्नच मिटला.

अनेक जण विंडोजचं चेकडिस्क चालवतात आणि डिस्क तपासली असं समजतात. चेकडिस्कचं मुख्य काम म्हणजे कोणती फाइल कुठे ठेवली आहे याच्या नोंदी जुळवणं. सातबारा तपासणं आणि जमिनीची मोजणी करणं यांत जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. त्याला पूर्ण डिस्क वाचायला लावणारा पर्यायही आहे, पण मोडकळीला आलेल्या डिस्कवर तो चालवू नये. तो वाचता वाचता दुरुस्त्याही करत सुटतो, आणि चुकीच्या वेळी केलेली दुरुस्ती वाचू शकणाऱ्या फाइलही घालवते.

आता डिस्कच्या पोटात जाऊ. डेस्कटॉपमधली साधारण डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची बाहेरची कड ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटर वेगाने पळत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. तबकडीवरची माहिती सेक्टर नावाच्या तुकड्यांत लिहिलेली असते. पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइटचा असे, २०११ च्या सुमारास कंपन्या ४,०९६ बाइटवर आल्या. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी गणिताने काढलेला एक जादा मजकूर असतो. वाचताना थोड्या चुका झाल्या तर त्याच्या आधारे डिस्क त्या स्वतःच सुधारते. चुका फार झाल्या तर पुढच्या फेऱ्यात पुन्हा वाचते, मग पुन्हा, मग पुन्हा.

मशीन 'हळू' होतं ते इथे. तपासणीच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये एक भाग वाचायला ५०० मिलिसेकंद लागले असं दिसलं, तर त्या तबकडीने त्या एका भागापायी साठेक फेरे मारले असा त्याचा अर्थ. असे दोन-चार भाग विंडोजच्या फाइलखाली आले की स्क्रीन गोठलीच म्हणून समजा.

मराठवाड्यातल्या वाचकाने पुढचा भाग जरा सावकाश वाचावा. लाईट जाणं आपल्याकडे नवं नाही आणि यूपीएसची बॅटरी बदलायची आठवण कुणाला राहत नाही. लाईट गेली की फिरणाऱ्या तबकड्या लगेच थांबत नाहीत. त्यांच्या उरलेल्या गतीवर डिस्कची मोटर जनित्रासारखी काम करते आणि त्या विजेवर हेड बाजूच्या सुरक्षित जागी ओढून घेतलं जातं. ही सोय उत्तम आहे, पण ती हेड वाचवते. त्या क्षणी एखादा सेक्टर लिहिला जात असेल तर तो अर्धवट राहू शकतो. अर्धा मजकूर नवा, अर्धा जुना, जादा गणित कशाशीच जुळत नाही. पुढच्या वेळी वाचताना डिस्क हरते आणि त्या सेक्टरवर संशयित म्हणून खूण करते.

अशा सेक्टरखालचा पृष्ठभाग धडधाकट असतो. त्यावर नवं काही लिहिलं की तो नीट वाचला जातो आणि संशयितांच्या यादीतून निघतो. खरोखर खरवडला गेलेला सेक्टर मात्र लिहिल्यावरही वाचता येत नाही. मग डिस्क राखीव जागेतला एक सेक्टर त्याच्या बदली लावते. 'बॅड सेक्टर' या एकाच नावाखाली आपण दोन्ही मोजतो, आणि त्यापायी चांगल्या डिस्क भंगारात जातात, वाईट डिस्क कामावर राहतात.

डिस्क या सगळ्याचा हिशोब स्वतः ठेवते. त्या सोयीचं नाव स्मार्ट. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम. तिच्यावर आधारलेल्या आणि पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टमरेस्क्यूसारख्या संचात तो हिशोब वाचणारं स्मार्टमॉनटूल्स आधीच असतं. पडद्यावर वीस-पंचवीस ओळी येतात, त्यातल्या मोजक्याच पाहायच्या. क्रमांक ५ म्हणजे राखीव जागेतून बदली दिलेले सेक्टर. १९७ म्हणजे सध्या संशयित असलेले. १९८ म्हणजे तपासणीतही न वाचता आलेले. १९२ बहुतेक डिस्कमध्ये वीज अचानक गेल्यामुळे हेड किती वेळा ओढून घ्यावं लागलं ते सांगतो. १९७ वर दोन-तीनचा आकडा, ५ वर शून्य आणि १९२ वर भला मोठा आकडा दिसला, तर माझा पहिला संशय लाईटवर जाईल. ५ चा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर ती डिस्क गेलीच म्हणायची. सगळ्यात वर 'पास' असं लिहून येतं, त्यावर विसंबू नका. डिस्क अगदी टेकीला येईपर्यंत ते 'पास'च राहू शकतं. उलट, सीगेटच्या डिस्कमध्ये क्रमांक १ आणि ७ समोर कोट्यवधींचे आकडे दिसतात आणि लोक हादरतात. ते तिथे असेच असतात.

यानंतर खरी परीक्षा, आणि ती दोन प्रकारे घ्यायची. पहिली डिस्कची स्वतःची चाचणी. आपण नुसती आज्ञा द्यायची, पुढे डिस्क आपल्या आतल्या आत सगळं वाचून पाहते, डेटा केबलवर येतच नाही. छोटी चाचणी दोनेक मिनिटांत उरकते. मोठी चाचणी पूर्ण पृष्ठभाग वाचते. एक टीबी, सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने, म्हणजे सव्वादोन तासांच्या पुढेच, आणि लॅपटॉपच्या संथ डिस्कला त्याहून जास्त. कुठे अडलं तर चाचणी सहसा तिथेच थांबते आणि त्या सेक्टरचा क्रमांक सांगते. दुसरी परीक्षा बाहेरून. बॅडब्लॉक्ससारखा प्रोग्रॅम एकेक भाग केबलमधून, मदरबोर्डमधून मागवून वाचतो.

दोन्हींचे निकाल शेजारी ठेवले की उलगडा होतो. आतली चाचणी नापास असेल तर दोष डिस्कवरचाच, केबलचा किंवा विंडोजचा नाही; तो लाईटमुळे अर्धवट राहिलेला सेक्टर आहे की खरोखर खरवडलेला, ते वरच्या ५ आणि १९७ च्या आकड्यांवरून पाहा. आतली पास पण बाहेरची अडखळते, आणि स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा, म्हणजे केबलवरून येताना झालेल्या चुकांचा आकडा वाढतो, तर डेटा वाटेत खराब होतोय. केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, पॉवर सप्लाय पाहा. आपल्याकडच्या उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ आणि हिसके यांमुळे सैल झालेली केबल ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि नवी केबल डिस्कच्या मानाने किरकोळ किमतीत मिळते. हा १९९ चा आकडा केबल बदलल्यावरही खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. दोन्ही परीक्षा पास झाल्या तरच विंडोजकडे बोट दाखवावं. मग मारा हवं तर फॉरमॅट.

डिस्कवर जपायचं काही असेल तर हे सगळं करायच्या आधी ते दुसरीकडे घ्या. मोठी चाचणी म्हणजे तासन्‌तास सलग काम, आणि कडेलोटावरची डिस्क त्यातच जाऊ शकते. कट्-कट् वाजणारी डिस्क तर तपासूच नये. तिच्यावरून जीएनयू डीडीरेस्क्यूने जमेल तेवढी प्रत काढावी. ते आधी सोपे भाग उचलतं आणि अवघड भागांशी शेवटी झटतं, शिवाय कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. आणखी एक सांभाळा, बॅडब्लॉक्ससारख्या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये लिहून तपासायचे पर्यायही असतात. त्यांनी डिस्क पुसली जाते. वाचून तपासायचाच पर्याय निवडा.

वेळही बघून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, आणि चालू डिस्क खोलीपेक्षा सहज दहा-पंधरा अंशांनी गरम राहते. बहुतेक कंपन्यांनी दिलेली मर्यादा ६० अंशांची आहे. दुपारी पत्र्याखाली मोठी चाचणी लावण्यापेक्षा रात्री लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, झोपायची सेटिंग बंद करा.

पेनड्राइव्ह तयार करणं रूफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने होतं, त्यावरचं जुनं सगळं पुसलं जातं एवढं ध्यानात ठेवा. डेलमध्ये सुरुवातीला एफ १२ दाबून यादीतून डायग्नोस्टिक्स निवडलं किंवा एचपीमध्ये एफ २ दाबलं तर पेनड्राइव्हशिवायही कंपनीची तपासणी सुरू होते. घाईत तीही पुरे. नव्या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद करण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर धडधाकट डिस्कलाही कुलूप लागेल. आणि लिनक्समध्ये डिस्क दिसलीच नाही तर ती मेली असं धरू नका. काही इंटेल मशीनमध्ये सुरुवातीच्या सेटिंगमधल्या व्हीएमडी नावाच्या पर्यायामुळे ती लपते.

सगळ्या परीक्षा पास झालेली डिस्कही दगा देते. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट आढळली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दिसली नव्हती. नापास निकालावर ताबडतोब विश्वास ठेवावा. पास निकाल त्या रात्रीपुरता खरा.

एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिला तबकडी नाही, हेड नाही, त्यामुळे साठ फेऱ्यांचा हिशोब तिला लागू नाही. एनव्हीएमई (नव्या लॅपटॉपमध्ये येणारी वेगवान) एसएसडी मात्र आपल्या नोंदीत किती टक्के आयुष्य वापरलं, राखीव जागा किती उरली आणि वीज किती वेळा अचानक गेली हे तिन्ही लिहून ठेवते. सेकंडहँड लॅपटॉप घेताना दुकानातच पेनड्राइव्ह लावून या तीन ओळी पाहता येतात, पाच मिनिटं लागतात. दुकानदार लावू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.