विश्वाला हेतू आहे का? कार्बनच्या एका पायरीला विचारून पाहू

‘विश्व कशासाठी आहे?’ हा प्रश्न जसाच्या तसा प्रयोगशाळेत नेता येत नाही. मात्र त्याचं एक धाकटं भावंड नेता येतं: निसर्गाचे काही आकडे जीवसृष्टी निर्माण व्हावी म्हणून मुद्दाम जुळवल्यासारखे दिसतात का? ‘होय’ म्हणणाऱ्यांच्या हातातला सगळ्यात गाजलेला पुरावा कार्बनच्या अणुगर्भातल्या एका ऊर्जापातळीचा आहे. तिला हॉईल अवस्था म्हणतात. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल हे नाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे ते जयंत नारळीकरांमुळे. नारळीकर केंब्रिजला त्यांचेच विद्यार्थी होते.

७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण साडेबारा किलो कार्बन असतो. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम भरपूर तयार झाले, लिथियम चिमूटभर. कार्बन जवळजवळ नाहीच. तो पुढे ताऱ्यांनी शिजवला. हेलियमच्या अणुगर्भात ४ कण, कार्बनच्या १२, म्हणजे तीन हेलियम एकत्र आले की काम झालं, असं वाटतं. पण तिघांची एकाच क्षणी टक्कर होणं फार दुर्मीळ. दोन हेलियम जुळून बेरिलियम-८ (८ कणांचा अणुगर्भ) होतो, तर तो सेकंदाच्या सुमारे दहा हजार लाख-कोटीव्या भागात पुन्हा फुटतो. ताऱ्याच्या गाभ्यात घडणं आणि फुटणं सतत चालू असतं, त्यामुळे अब्जावधी हेलियममागे मोजकेच बेरिलियम कुठल्याही क्षणी हजर असतात. १९५२ मध्ये खगोलभौतिकशास्त्रज्ञ एडविन सॅलपीटर यांनी दाखवलं की एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर तिसरा हेलियम येऊन आदळला तरी कार्बन बनू शकतो.

हॉईलना हिशोब जमेना. या वाटेनं कार्बन फार हळू बनत होता, आणि बनलेल्या कार्बनवर चौथा हेलियम आदळून त्याचा ऑक्सिजन होत होता. शिल्लक काहीच राहत नव्हती. प्रत्यक्षात विश्वात कार्बन आहे, आणि थोडाथोडका नाही: सूर्यात ऑक्सिजनच्या दोन अणूंमागे साधारण एक कार्बन आहे. तेव्हा बेरिलियम आणि हेलियम यांच्या टकरीची ऊर्जा जिथे पडते, तिथेच कार्बनच्या अणुगर्भाला एक पायरी, म्हणजे ठरावीक ऊर्जापातळी, असली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो चढत जातो, तशी ऊर्जा बरोबर पायरीवर पडली की टक्कर कैकपट फळते. यालाच अनुनाद म्हणतात. पायरी कार्बनच्या तळापासून, म्हणजे त्याच्या सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्थेपासून, ७.७ एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक; एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) आसपास हवी होती.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या केलॉग प्रयोगशाळेत वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉन (जड हायड्रोजनचे अणुगर्भ) मारले, बाहेर पडणाऱ्या हेलियम अणुगर्भांची ऊर्जा चुंबकीय वर्णपटमापीनं मोजली आणि पायरी सापडली: ७.६८ एमईव्ही, ०.०३ इकडेतिकडे. आजचा आकडा ७.६५४ आहे. अशा पातळीच्या खुणा १९४० च्या दशकातल्या काही मोजमापांत आल्या होत्या, पण त्यावर एकमत नव्हतं. ताऱ्यांचा हिशोब करणाऱ्या माणसानं अणुगर्भाची पातळी सांगावी आणि ती तिथे निघावी, याचा दबदबा साहजिकच झाला.

शेजारचा दुसरा आकडाही पाहा. कार्बनला हेलियम भेटल्यावर मिळणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या तळापासून ७.१६ एमईव्हीवर पडते, आणि तिथली ऑक्सिजनची पायरी आहे ७.१२ वर, म्हणजे किंचित खाली. टक्कर ऊर्जा वाढवू शकते, कमी करू शकत नाही. म्हणून इथे अनुनाद होत नाही आणि सगळा कार्बन ऑक्सिजनमध्ये जिरत नाही. एक पायरी हवी तिथे, दुसरी नको तिथून जेमतेम सरकलेली. पुढे हॉईल स्वतःच म्हणू लागले की कुणा महाबुद्धीनं भौतिकशास्त्रात ढवळाढवळ केलेली दिसते.

इथे इतिहासाची एक दुरुस्ती करायला हवी. विज्ञानाचे इतिहासकार हेल्ग क्राग यांनी २०१० मध्ये जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की १९५३ च्या तर्कात हॉईलनी जीवसृष्टीचा विचार केल्याची खूण नाही. तो कार्बनच्या साठ्याचा हिशोब होता. जीवसृष्टीशी सांगड कित्येक वर्षांनी घातली गेली, तीही ब्रँडन कार्टर यांनी १९७० च्या दशकात ‘अँथ्रॉपिक तत्त्व’ (पाहणारे असू शकतील असंच विश्व आपल्याला दिसणार, हा विचार) हा शब्द रुळवल्यानंतर. ‘आपण आहोत, म्हणून ही पातळी असणार’ असं हॉईलनी भाकीत केलं, ही सर्रास सांगितली जाणारी गोष्ट त्या रूपात खरी नाही.

आता मुख्य तपासणी. पायरी थोडी सरकली असती तर काय झालं असतं?

हे आकडेमोडीनं पाहता येतं. हेलियम जळतो त्या सुमारे १० कोटी केल्विन तापमानाला कणांच्या उष्णता-ऊर्जेचं माप ९ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असतं. तीन सुटे हेलियम आणि हॉईलची पायरी यांतलं अंतर ३ लाख ८० हजार. म्हणजे हे काम या मापाच्या चाळीसपटीहून जास्त ऊर्जेची दुर्मीळ गाठ पडली तरच होतं. म्हणूनच प्रक्रियेचा वेग तापमानाच्या जवळपास चाळिसाव्या घातानं वाढतो. पायरी ६० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टनं वर सरकवली, तर त्याच तापमानाला वेग सुमारे हजारपट घटतो. इथवर वाचून ‘बघा, किती नाजूक!’ म्हणून थांबणारे लेख पुष्कळ आहेत.

पण तारा त्याच तापमानाला थांबत नाही. आतली आग मंदावली की गाभा स्वतःच्या वजनाखाली आकसतो आणि तापतो. चाळिसाव्या घातामुळे तापमान सुमारे १६ टक्के वाढलं की वेग पूर्ववत. ताऱ्याला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे म्हणा ना. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मारिओ लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पूर्ण ताऱ्याची प्रतिकृती संगणकावर चालवून हेच पाहिलं: ६० हजारांच्या सरकण्यानं कार्बनच्या साठ्यात मोठा फरक पडला नाही. पायरी बरीच वर नेली, अडीच लाखांच्या पुढे, तेव्हा मात्र कार्बन घटला. कारणही तेच तापमान: गाभा जास्त तापला की कार्बन ऑक्सिजनमध्ये जाण्याचा वेग वाढतो.

मग ही सवलत किती टक्के धरायची? ७६ लाख ५४ हजारांच्या तुलनेत ६० हजार म्हणजे एक टक्काही नाही, अचाट नेमकेपणा! पण ताऱ्याला तळापासूनची उंची मोजायचीच नाही, त्याला फक्त ३ लाख ८० हजारांची चढण दिसते. तिच्या तुलनेत ६० हजार म्हणजे १५-१६ टक्के. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. भाजक बदलला की चमत्कार आकसतो.

या प्रकारच्या युक्तिवादात आणखी एक चूक नेहमी होते: एकच बटण फिरवायचं, बाकी सगळं आहे तसं धरायचं. ओबरहुमर, चोटो आणि श्लाट्ल या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये पायरी नुसती सरकवली नाही. अणुगर्भ बांधणारं बल ०.५ टक्के किंवा विद्युत बल ४ टक्के बदलून हिशोब केला. कार्बन किंवा ऑक्सिजन यांपैकी एकाची उपज खूप घटली, म्हणजे नाजूकपणा पूर्ण खोटा नाही. उलट बाजूनं, फ्रेड अॅडम्स आणि एव्हन ग्रोह्स यांनी २०१७ मध्ये दाखवलं की बेरिलियम-८ थोडा घट्ट बांधलेला असता तर हॉईलच्या पायरीची गरजच पडली नसती. बेरिलियम टिकला असता आणि कार्बन सावकाश बनत राहिला असता. बेरिलियम अस्थिर आहे तो अवघ्या ९२ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टनं! एक वाट बंद होताना दुसरी उघडते, आणि एकच बटण फिरवणाऱ्याला ती दिसत नाही.

सगळ्यात अवघड अडचण निवडीची. पुणे, नाशिक, वाई, सांगली, पैठण ही सगळी गावं नदीकाठची. म्हणून ‘नदी किती विचार करून गावांजवळून वाहते’ असं कुणी म्हणत नाही. कार्बन नसलेल्या विश्वात हा प्रश्न विचारायला कुणी नसणार, तेव्हा आपल्याला कार्बनवालं विश्वच दिसणार. यानं हेतू खोटा ठरत नाही, फक्त पुराव्याचं वजन उतरतं. शिवाय ‘असे आकडे जुळण्याची शक्यता इतकी कमी’ म्हणायला ते कोणकोणते असू शकले असते याची यादी लागते. ती कुणाकडेच नाही, आपल्याकडे विश्व एकच.

माणसाच्या आयुष्याच्या हेतूचा प्रश्न या हिशोबात येतच नाही. डोळा ‘पाहण्यासाठी’ आहे हे डार्विननंतर योजक न आणता सांगता येतं. एखादी शिक्षिका मुलीला वाचायला शिकवते, तो हेतू मात्र अस्सल, कारण तो धरणारं मन तिथे आहे. त्यासाठी ७.६५४ हा आकडा कुणी मुद्दाम बसवला असण्याची अट नाही.

आणि हा आकडा पक्का असला तरी त्याच्या शेजारचा आणखी एक आकडा अजून डळमळतो. हॉईलच्या पायरीवर चढलेले बहुतेक अणुगर्भ परत तीन हेलियममध्ये फुटतात. अडीच हजारांतला जेमतेम एक ऊर्जा टाकून स्थिर कार्बनपर्यंत उतरतो, असं धरलं जात होतं. २०२० मध्ये ऑस्लोच्या सायक्लोट्रॉनवरच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावरच्या) मोजमापानं हे प्रमाण सुमारे दीडपट सांगितलं. नंतरची काही मोजमापं पुन्हा जुन्या आकड्याकडे झुकली आहेत.