बिअर्डेड ड्रॅगन : पचनविकार आणि सीमाभागातील संगोपन

बिअर्डेड ड्रॅगन (शास्त्रीय नाव : पोगोना व्हिटिसेप्स) हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला सरडा. कुळ ॲगॅमिडी, आपल्याकडे कुंपणावर बसून मान डोलावणारा सरडा त्याच कुळातला. शेपटीसह लांबी ४५ ते ६० सेंमी., आयुष्य साधारण ८ ते १२ वर्षे. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या दशकात आपल्या वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला बंदी घातली, त्यामुळे जगभर पाळले जाणारे ड्रॅगन पिंजऱ्यातल्या पैदाशीचे असतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत हा प्राणी अजून नवखाच असून आलेला पाहुणा हमखास ‘घोरपड पाळलीय काय?’ असे विचारतो. घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती घरात ठेवणे हा गुन्हा आहे. ड्रॅगनचा तिच्याशी गोंधळ होऊ देऊ नये.

पाळीव ड्रॅगनच्या दुखण्यांत पोटाच्या तक्रारी नेहमीच्या. मालक आधी खाण्याला दोष देतो. या भागात मात्र आधी तपासायची ती ऊब.

उष्णता व पचन : सरड्याच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. पचनासाठी ड्रॅगनचे अंग सुमारे ३५° से. पर्यंत तापावे लागते, आणि त्यासाठी पिंजऱ्यात शेकायची जागा ३८° ते ४२° से. व दुसरे टोक २४° ते २८° से. असे ठेवतात. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मी. उंचीवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे कमाल तापमानही २५°–२६° से. च्या आसपास राहते, सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही, आणि खानापूर-कणकुंबीकडे पाऊस याहून कितीतरी जास्त. माणसाला सुखावणारी ही हवा ड्रॅगनच्या आतड्यांना मानवत नाही. खाल्लेले अन्न पुढे सरकत नाही, पोटातच आंबते; मग प्राणी मलूल होतो, खाणे सोडतो आणि मालक त्याला आणखी काहीतरी भरवायला जातो. त्याने दुखणे वाढतेच.

पावसाळ्यात वीज जाणे हा इथल्या घरांचा ठरलेला अनुभव. सकाळी शेकायचा दिवा लागून तास-दोन तास अंग शेकल्यावरच खाणे द्यावे, आणि दिवा बंद होण्याच्या किमान दोन तास आधी ते थांबवावे. वाऱ्या-पावसाची चिन्हे असतील त्या दिवशी किडे देऊच नयेत. धडधाकट प्रौढ ड्रॅगनला एखाद्या दिवसाचा उपास सहज सोसतो. वीज गेलीच तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवता येते. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला वापरतात तसला तारेचा बल्ब किंवा सिरॅमिक हीटर लागतो. तापमान अंदाजाने ठरवू नये. करोनाकाळात घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक मात्र इथे बहुधा चालत नाही, कारण ती माणसाच्या तापापुरतीच मोजते; पृष्ठभागाचे तापमान मोजणारी वेगळी मिळते.

उबेइतकाच अतिनील-ब किरणांचा दिवा महत्त्वाचा. त्या किरणांनी कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होते, त्याशिवाय कॅल्शियम शोषले जात नाही, आणि कॅल्शियम कमी पडले की हाडांबरोबर आतड्यांचे स्नायूही ढिले पडतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन याला उपयोगी नाही, काच हे किरण अडवते. दिवा लागत असला तरी ६ ते १२ महिन्यांत त्यातले अतिनील किरण क्षीण होतात, म्हणून तो बदलावा लागतो.

बद्धकोष्ठ व अडकण (खाल्लेले आतड्यात अडकून वाट बंद होणे) : निरोगी विष्ठा तपकिरी व घट्टसर असते आणि तिच्यासोबत युरेटचा, म्हणजे घट्ट स्वरूपातल्या लघवीचा, पांढरा भाग पडतो. तो पिवळा-नारिंगी व खड्यासारखा झाला तर अंगात पाणी कमी आहे असे समजावे. पिल्ले रोज शी करतात. प्रौढ काही दिवसांआड, कधी आठवड्याने. जास्त दिवस काहीच न होणे, पोट फुगणे, जोर देऊनही काही बाहेर न येणे ही बद्धकोष्ठाची लक्षणे. आतडे तुंबून मज्जातंतूंवर दाब आला तर मागचे पाय लुळे पडतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

वाळूचे अंथरूण, मोठे किंवा कठीण कवचाचे किडे ही अडकण होण्याची प्रमुख कारणे. किडा ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. अंथरुणाला जुने वर्तमानपत्र किंवा शहाबादी फरशी उत्तम. साध्या बद्धकोष्ठात ३०° से. च्या आसपासच्या कोमट पाण्यात, खांद्यापर्यंतच बुडेल असे, १५–२० मिनिटे बसवतात आणि पोटावरून शेपटीच्या दिशेने हलक्या हाताने बोटे फिरवतात. उकडून कुस्करलेला तांबडा भोपळाही देतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा एरंडेल पाजण्याचा सल्ला मात्र ऐकू नये : तेल श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो.

पोट चोळण्यापूर्वी एक शंका दूर करावी. मादी नराशिवायही अंडी धरते, एका वेळी १५–२० किंवा अधिक, आणि तिचे पोट तसेच फुगलेले दिसते. ती कोपरे उकरत असेल तर तिला ओलसर माती-वाळूची खोल पेटी हवी असते. मालिशीने आत अंडी फुटण्याचा धोका असतो.

थंडीत प्रौढ ड्रॅगन कित्येक आठवडे सुस्त पडून राहतो, खात नाही, शीही करत नाही. ही शीतनिद्रेसारखी अवस्था आहे, रोग नव्हे. परंतु ती सुरू होण्याआधी पोट रिकामे झालेले असावे.

जुलाब व परजीवी : काकडी-कलिंगडासारखे पाणीदार खाणे जास्त झाल्यास किंवा जागा बदलल्यास विष्ठा एखाद-दोन दिवस पातळ होते. दुर्गंधी, शेम, रक्त किंवा वजनात घट असल्यास कॉक्सिडिया (आतड्यात राहणारे सूक्ष्म एकपेशीय परजीवी) अथवा सूत्रकृमींचा संशय घ्यावा. ताजा नमुना झाकणाच्या डबीत घालून काही तासांत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. कॉक्सिडियाच्या बीजपुट्या (विष्ठेतून पडणारी त्यांची कवचबंद अवस्था) नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत आणि फिनेल सरड्यालाच बाधते. विष्ठा लगेच उचलणे, कागद रोज बदलणे आणि भांडी उकळत्या पाण्याने धुणे हेच खरे काम. गुरांच्या जंताचे औषध अंदाजाने देणे प्राणघातक ठरू शकते.

आहार : पिल्लांना मुख्यतः किडे, प्रौढांना बहुतांश भाजीपाला. शेवग्याचा पाला, तुतीची पाने, तांबडा भोपळा, जास्वंदीची फुले हे सीमाभागात सहज मिळणारे व चांगले. पालक, चुका, चाकवत यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कच्चा अळू तर तोंड-घसा सोलून काढतो. भात किंवा उसाच्या शेतातले नाकतोडे पकडून देण्याचा मोह टाळावा, फवारणीचे औषध त्यांच्यातून पोटात जाते. काजवा हा सर्वांत मोठा धोका. अमेरिकेतल्या काजव्यांतील ल्युसिब्युफॅजिन या विषारी द्रव्यांनी ड्रॅगन दगावल्याची नोंद आहे आणि त्यासाठी एक काजवाही पुरतो. मे-जूनमध्ये खानापूरच्या जंगलपट्टीत काजव्यांचे थवे उतरतात. त्या दिवसांत पिंजरा जाळीबंद ठेवावा.

उपचाराची सोय : तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांचा अनुभव मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांचा. तरीही शीची तपासणी आणि क्ष-किरण चित्र सरड्यासाठी वेगळ्या यंत्रावर काढावे लागत नाही. तिथल्या डॉक्टरांनी ती करून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकाराला दाखवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. पशुवैद्यक महाविद्यालये कर्नाटकात गदगला, महाराष्ट्रात शिरवळला आहेत. गुदद्वारातून आतड्याचा भाग बाहेर आल्यास तो साखरेच्या पाण्याने ओला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आत ढकलू नये.

ड्रॅगनच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्याला स्वयंपाकघरातल्या मोरीत न्हाऊ घालू नये, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती तो देऊ नये.