एसी चालू आहे, पण हवेचं काय?

क्लासमध्ये, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही गेलं की गार वाटलं म्हणजे हवा चांगली असं आपण धरूनच चालतो. पण भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही हो! खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत आपल्याच तोंडावर सोडतो, बाहेरच्या युनिटकडे जो पाइप जातो त्यात नुसता गॅस फिरत असतो. म्हणजे दारं-खिडक्या लावून चाळीस पोरं बसवली की ती तासभर एकमेकांचे श्वासच घेतात, आणि त्यातल्या एखाद्याला टीबी असला तर?

टीबी हवेतून पसरतो हे आता सगळ्यांना माहितीय, पण ते सिद्ध कसं केलं ते भारी आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात वेल्स आणि रायली या संशोधकांनी टीबी वॉर्डातली हवा डक्टमधून वर नेऊन गिनी पिगच्या पिंजऱ्यांवर सोडली. पेशंट खाली, प्राणी वर, ना स्पर्श ना तोंडावर खोकणं, कॉमन काय तर फक्त हवा. तरी गिनी पिगना टीबी झाला! दुसऱ्या गटाला तीच हवा अल्ट्राव्हायोलेट दिव्यांसमोरून नेऊन दिली, त्यांना नाही झाला. जीव गेले बिचाऱ्यांचे, पण शंकेला जागाच उरली नाही.

एवढं होऊनही 2020 ला आपण भाज्या धूत बसलो होतो. त्याच वर्षी मार्चमध्ये वॉशिंग्टन राज्यात एका गायनमंडळाच्या प्रॅक्टिसला 61 जण जमले, सॅनिटायझर वापरलं, गळाभेटी टाळल्या, अडीच तास गायले आणि 50 हून जास्त जणांना कोविड.

आता विषाणू काही तिथल्या तिथे मोजता येत नाहीत, पण कार्बन डायऑक्साइड येतो. बाहेरच्या हवेत तो साधारण 420 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो आणि आपल्या उच्छ्वासात 40,000 च्या आसपास, त्यामुळे खोलीतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर 2000 दाखवत असेल तर तुमच्या दर 100 श्वासांमागे जवळपास 4 श्वासांइतकी हवा आधीच कुणाच्या तरी फुफ्फुसातून फिरून आलेली आहे (ईईई वाटतं ना, मलाही वाटतं). 800 च्या खाली असेल तर निवांत बसा. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तरी आकडा भराभर उतरतो.

फक्त खिडकी हमरस्त्यावर उघडत असेल तर धूळ-धूर आत येणार, मग हेपा (अगदी बारीक कणही अडवणारा) फिल्टरवाला प्युरिफायर लावा, तो धूळ आणि जंतू दोन्ही पकडतो. पण तो कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही, सो तिथे मीटरचा आकडा चढलेला दिसला म्हणून लगेच घाबरू नका. आणि मीटर घेताना एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड मोजणारा) सेन्सर आहे का ते बघून घ्या, काही स्वस्तातले मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, दुसऱ्याच वायूंवरून अंदाजपंचे आकडा दाखवतात, त्यांच्यासमोर सॅनिटायझर मारलं तरी आकडा उडी मारतो.