ई-रुपया

ई-रुपया हे भारतीय रिझर्व्ह बँकेने काढलेले डिजिटल चलन. मध्यवर्ती बँकांच्या अशा चलनाला जगभर सीबीडीसी म्हणतात. नवी मुंबईत मात्र सीबीडी म्हटले की बेलापूर स्टेशनच आठवते, आणि रिझर्व्ह बँकेचे एक कार्यालय नेमके त्याच बेलापुरात आहे. हा निव्वळ योगायोग.

फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात ‘ब्लॉकचेन आणि इतर तंत्रज्ञान’ वापरून डिजिटल रुपया आणण्याची घोषणा झाली. १ नोव्हेंबर २०२२ रोजी सरकारी रोख्यांच्या व्यवहारांत घाऊक, म्हणजे बँकांच्या आपसांतला, प्रयोग सुरू झाला, तर १ डिसेंबरला मुंबईसह चार शहरांत किरकोळ, म्हणजे सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा.

ब्लॉकचेन समजायला वाशीच्या बाजारातली खतावणी बरी. अडत्याची वही अडत्याकडे, व्यापाऱ्याची व्यापाऱ्याकडे; वाद झाला की दोन्ही ताडून पाहायच्या. ब्लॉकचेनमध्ये एकाच वहीची प्रत सगळ्यांकडे असते आणि प्रत्येक पानात मागच्या पानाची खूण गुंफलेली असते, त्यामुळे जुन्या नोंदीत गुपचूप खाडाखोड करता येत नाही. बिटकॉइनच्या वहीत कोणालाही उतरता येते. मध्यवर्ती बँकेला ते परवडत नाही; लेखणी कोणाच्या हाती द्यायची हे तीच ठरवते. मग साधा डेटाबेस काय वाईट? प्रश्न रास्त आहे. कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने ब्लॉकचेन वापरून केलेल्या जॅस्पर प्रयोगातही २०१७ मध्ये असेच दिसले की, निव्वळ बँकांच्या आपसांतल्या देण्याघेण्यासाठी जुनी केंद्रीय यंत्रणा काही कमी पडत नव्हती. ई-रुपयातही काही भागच ब्लॉकचेनवर चालतो.

मोबाइलवरचे ई-रुपयाचे वॉलेट उघडले की ५००, २००, १०० अशा नोटा दिसतात. व्याज नाही, खिशातल्या नोटेला तरी कुठे मिळते? दुकानावरचा यूपीआयचाच क्यूआर चालतो, पण दुकानदाराकडे ई-रुपयाचे वॉलेट नसेल तर रक्कम त्याच्या बँक खात्यात पडते. म्हणजे गिऱ्हाइकाकडून नोट निघते आणि दुकानदाराकडे ठेव होऊन पोहोचते. त्याला फरक जाणवतच नाही, आणि ई-रुपयाची खरी अडचण हीच आहे. मार्च २०२५ मध्ये सुमारे १,०१६ कोटींचा ई-रुपया चलनात होता. कागदी नोटा ३६ लाख कोटींच्या पुढे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑफलाइन सोय जाहीर केली, ती जिथे इंटरनेट धड मिळत नाही अशा ठिकाणांसाठी. कांदा-बटाटा बाजारात गाळ्याच्या आत शिरले की रेंज जाते, मोबाइलवर चक्री फिरत राहते आणि हमालाच्या हातावर शेवटी नोटाच मोजाव्या लागतात.