पुनर्जनन गतिरोधन : विद्युत दुचाकीवरील

धावत्या वाहनाचा वेग कमी करताना त्याची गतिज ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात उष्णता म्हणून वाया न घालवता मोटरकडूनच वीज बनवून घेण्याची आणि ती बॅटरीत परत भरण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकाच्या सीमावर्ती मराठी पट्ट्यात तिला सर्रास ‘रीजन’ म्हणतात. मूठ सोडली की ‘गाडी मागं ओढत्या’ असे तिचे वर्णन ऐकू येते, आणि ते शास्त्रीय दृष्ट्याही चुकीचे नाही. प्रस्तुत नोंदीत विद्युत दुचाकी या शब्दात स्कूटर, मोटरसायकल आणि पॅडलची ई-सायकल या तिन्हींचा समावेश केला आहे.

संज्ञा : रीजनरेटिव्ह ब्रेकिंग या मूळ संज्ञेला मराठीत एकच सर्वमान्य प्रतिशब्द नाही. ‘गतिरोधक’ हा शब्द ब्रेकसाठी योग्य असला, तरी बोलण्यात तो रस्त्यावरच्या उंचवट्यासाठी रूढ झाला आहे. क्रिया दाखवणारे ‘गतिरोधन’ हे रूप घेतले की हा घोटाळा टळतो. ‘पुनर्जनन’ या शब्दावर मात्र एक आक्षेप राहतो. ऊर्जा नव्याने जन्माला येत नाही, खर्च झालेल्यापैकी थोडी हाती परत येते. त्यामुळे ‘ऊर्जा-परतावा’ हा शब्द अर्थाला अधिक जवळचा ठरतो. तथापि जुना शब्द रुळलेला असल्याने येथे तोच ठेवला आहे.

उगम : या पद्धतीचा जनक एकच सांगता येत नाही. तिच्या मुळाशी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुंबकीय क्षेत्रात तार हलवली की वीज निर्माण होते, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. एकच यंत्र मोटर म्हणूनही चालते आणि जनित्र म्हणूनही, ही दुसरी गोष्ट. ती १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात अपघाताने उघड झाली, अशी कथा वारंवार सांगितली जाते : बेल्जियन संशोधक झेनोब ग्राम यांच्या जनित्राला दुसऱ्या चालू जनित्राच्या तारा जोडल्या गेल्या आणि ते आपोआप फिरू लागले. प्रदर्शनात हिप्पोलीत फोंतेन यांनी हा प्रयोग करून दाखवला याबद्दल फारसा वाद नाही. परंतु यंत्राच्या या उलटसुलट वागण्याची जाण भौतिकशास्त्रज्ञ लेंट्स यांना १८३० च्या दशकातच होती. तेव्हा व्हिएन्नाला शोधाचे नव्हे, तर लोकांसमोर आलेल्या पहिल्या मोठ्या प्रात्यक्षिकाचे श्रेय देणे अधिक रास्त वाटते.

वाहनात तिचा पहिला वापर कोणी केला, यावर मतभेद आहेत. अमेरिकेत फ्रँक स्प्रेग यांनी १८८६ च्या सुमारास रेल्वेच्या मोटरवर असे प्रयोग केले. फ्रान्समध्ये लुई क्रिगर यांच्या विजेच्या घोडागाडीवजा मोटारीला हा मान दिला जातो, पण तिचे साल कोठे १८९४ तर कोठे १८९७ असे आढळते. पॅरिसचे दाराक यांचे नावही १८९७ च्या संदर्भात येते. रस्त्यावरच्या वाहनांपुरते बोलायचे तर १८९० च्या दशकाचा उत्तरार्ध एवढेच म्हणणे सुरक्षित. याच दशकात, ३१ डिसेंबर १८९५ रोजी, ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर बसवलेल्या सायकलचे अमेरिकन पेटंट मिळाले. आजच्या हब मोटरची ही पूर्वज होय. मात्र केवळ तिच्या रचनेवरून बोल्टन यांना या पद्धतीचे श्रेय देता येत नाही.

इंग्लंडमध्ये रेवर्थ यांची पुनर्जनन गतिरोधनाची पद्धत १९०३ पासून डेव्हनपोर्ट व नंतर अन्य शहरांच्या ट्रामना लावली गेली. रॉटनस्टॉल येथील ट्रामच्या गंभीर अपघातानंतर १९११ मध्ये तिच्यावर बंदी आली. या प्रकरणाची आठवण आजही उपयोगाची आहे, कारण उतारावर केवळ विजेच्या गतिरोधनावर विसंबणे धोक्याचे, हा त्यातला धडा दुचाकीलाही जसाच्या तसा लागू पडतो.

आपल्याकडे ही पद्धत प्रथम घाटातच आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोर आणि थळ घाटांसाठी १९२८ पासून आणलेल्या मालगाडीच्या विद्युत इंजिनांत (पुढे डब्ल्यूसीजी-१ या वर्गनावाने ज्ञात) ती होती. रेल्वेवाले या इंजिनाला ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरणाऱ्या गाडीने तयार केलेली वीज वरच्या तारेत जाई आणि त्याच वेळी चढत असलेल्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. दुचाकीला ही सोय नाही. तिची वीज घेणारे ठिकाण एकच, तिची स्वतःची बॅटरी. पुढे सांगितलेल्या बहुतेक मर्यादा या एका फरकातून येतात.

कार्य : जुन्या सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पॅडल जड होत असे. दिव्याला मिळणारा उजेड पायातून वसूल होई. रीजनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात याची खात्री अर्ध्या मिनिटात करता येते. हब मोटरचे चाक स्टँडवर उचलून हाताने फिरवावे, ते बराच वेळ फिरत राहते. मग कंट्रोलरपासून (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या पेटीपासून) सोडवलेल्या तिन्ही जाड तारांपैकी कोणत्याही दोन एकमेकींना टेकवाव्यात. चाक चिखलात रुतल्यासारखे अडखळू लागते. हात काढला की लगेच थांबते. तारा वेगळ्या केल्या की पुन्हा मोकळे.

मात्र या प्रयोगातली वीज मोटरच्या वेटोळ्यातच उष्णता होऊन संपते. ती बॅटरीत घालायची तर एक अडचण उभी राहते. चाक ज्या वेगाने फिरते त्या वेगाला मोटरमध्ये निर्माण होणारा विजेचा दाब (व्होल्टेज) सहसा बॅटरीच्या दाबापेक्षा कमी असतो, आणि खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी आपोआप चढत नाही. येथे कंट्रोलरचे काम सुरू होते. त्यातील ट्रान्झिस्टर-स्विच वेटोळ्याची टोके सेकंदाला हजारो वेळा जोडतात आणि तोडतात. जोडलेल्या क्षणी वेटोळ्यात प्रवाह वाढतो. तोडताच तो प्रवाह थांबायला नकार देतो आणि दाब उसळून बॅटरीच्या वर जातो. त्या उसळीत वीज बॅटरीत शिरते. म्हणून रीजनसाठी वेगळे जनित्र लागत नाही. मोटर तीच, कंट्रोलर तोच, फक्त स्विच चालवण्याचा क्रम बदलतो.

वेग ताशी १० किमी.च्या खाली आला की मिळणारी वीज वेटोळ्याच्या रोधातच खपते, त्यामुळे बहुतेक कंट्रोलर तिथे हात आखडता घेतात. यात तोटा वाटतो तेवढा नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ताशी ४० वरून १० वर येईपर्यंत सोळा भागांपैकी पंधरा भाग आधीच बाहेर पडलेले असतात. पूर्ण थांबण्यासाठी मात्र साधा ब्रेक लागतोच.

कोणत्या गाडीत शक्य : मोटर आणि चाक यांचा संबंध दोन्ही दिशांनी पक्का असला पाहिजे. स्कूटरची थेट हब मोटर किंवा पट्ट्याने चाक फिरवणारी मोटर यांत तो असतो. ई-सायकलच्या दंतचक्रे असलेल्या लहान हब मोटरमध्ये आत फ्रीव्हील (एकाच दिशेने पकड घेणारे चक्र) असते, पॅडलजवळ बसणाऱ्या मोटरला मागच्या चाकाचे फ्रीव्हील आडवे येते. अशा सायकलींत रीजन नसते, आणि नुसता कंट्रोलर बदलून ते येतही नाही. कंट्रोलर विकत घेण्यापूर्वी हे तपासून घ्यावे.

परताव्याचे प्रमाण : ११० किलोची स्कूटर आणि ७० किलोचा चालक धरले तर ताशी ४० किमी. वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ११ किलोजूल, म्हणजे ३ वॉट-तास होते. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी गाडी रीजनवर थांबवली तर त्यातील जेमतेम निम्मी बॅटरीत पोहोचते. किलोमीटरला ३० वॉट-तास खर्च धरता हा परतावा सुमारे ५० मीटर अंतराचा. पहिले गेट, दुसरे गेट, मधले सिग्नल आणि खडेबाजारची गर्दी मिळून दिवसाकाठी तो काही शे मीटर भरतो.

खरा हिशेब घाटाचा. या भागाचा पश्चिम कड सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी, जेथे मलप्रभा उगम पावते, सुमारे ७९० मी. उंचीवर आहे. तेथून चोर्ल्यामार्गे गोव्यातील केरीकडे रस्ता उतरतो. उंचीतील फरक ७०० मी. धरला तर वरील गाडी व चालक मिळून सुमारे ३४० वॉट-तासांची स्थितिज ऊर्जा खाली आणतात. ती सगळी हाती लागत नाही. शंभरात ५ उताराला गाडीला पुढे ओढणारे बल ८८ न्यूटनच्या आसपास असते. ताशी ४० किमी.ला वारा आणि टायर मिळून त्यातले ६५ ते ७० न्यूटन खातात, ताशी २५ किमी.ला सुमारे ४३. म्हणजे सावकाश उतरणाऱ्याच्या मोटरला दुपटीहून जास्त बल मिळते. अशा संथ उतरणीत, मोटर-कंट्रोलरची तूट वजा जाता, अंदाजे ११० वॉट-तास जमा व्हावेत. ३ किलोवॉट-तासांच्या बॅटरीच्या ते ४ टक्क्यांच्या आत आहेत, आणि परत वर चढायला ६०० वॉट-तासांहून अधिक लागतात. ‘घाट उतरला की बॅटरी भरते’ या बोलण्यात तथ्य एवढेच. तरीही ते शून्य नाही. शिवाय तेवढी उष्णता ब्रेकच्या लायनरवर पडली नाही, हा लाभ विजेहून मोठा आहे.

उंचीवरून येणाऱ्या वजनाकडून काम करून घेणे या जिल्ह्याला नवे नव्हे. घटप्रभेच्या ५२ मी. उंच गोकाक धबधब्यावर सूतगिरणी उभी राहिली. तेथे १८८७ मध्ये आशियातील पहिली जलविद्युत निर्माण झाली असे पुष्कळदा छापले जाते. त्या सालात जलशक्ती आणि जलविद्युत यांची गल्लत झाली असण्याचा संभव आहे, म्हणून ‘पहिली’ हे विशेषण जपून वापरावे.

मर्यादा व धोके : बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात वीज घेण्यास जागा नसते. लिथियम घटाचा दाब ठरावीक कमाल मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून बॅटरीची संरक्षक यंत्रणा रीजन तोडते किंवा फार कमी करते. रात्रभर जांबोटी-कणकुंबीकडे गाडी चार्जिंगला लावून सकाळी थेट घाटाला लागणाऱ्याला नेमका येथे धक्का बसतो. रोज मूठ सोडताच मागे ओढणारी गाडी त्या दिवशी मोकळी सुटते. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ८०–९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे, आणि उताराच्या पहिल्या वळणाआधीच दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत.

दुसरा धोका निसरड्याचा. रीजन केवळ मोटरच्या, म्हणजे बहुधा मागच्या, चाकावर चालते. खानापूरच्या पावसात, किंवा गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर टाकलेल्या पाचटावर आणि चिखलावर, वळणात मूठ एकदम सोडली तर मागचे चाक घसरू शकते. अशा दिवसांत रीजनची पातळी कमी ठेवणे उत्तम. मागून येणाऱ्याचाही विचार हवा. काही गाड्यांत ब्रेकची मूठ दाबल्याशिवाय मागचा लाल दिवा लागत नाही, तेव्हा जोराच्या रीजनवर गाडी मंदावताना बोट हलकेच ब्रेकवर टेकवावे.

वापराची सवय : पेट्रोल गाडी वंटमुरी किंवा तवंदीच्या घाटात बंद करून सोडायची खोड पुष्कळांना आहे. ती मुळातच घातक होती. विद्युत गाडीत तिचे कारणही उरत नाही, कारण मूठ सोडताच वीज खर्च होणे थांबते आणि परत येणे सुरू होते. सपाटीवर मात्र उलट. पुढे थांबायचे नसेल तर मूठ पूर्ण सोडून रीजन लावण्यापेक्षा गाडी वाहू देणे फायद्याचे, कारण परत मिळवलेली ऊर्जा पुन्हा वापरताना दोनदा तूट येते. एथरने जानेवारी २०२४ मध्ये आणलेल्या ४५० एपेक्स या गाडीत मूठ उलट पिळून रीजन कमीजास्त करता येते. हाताला हा फरक पटकन कळतो.

ई-सायकल : भारतीय नियमांनुसार मोटरची सलग अर्धा तास देता येणारी शक्ती २५० वॉटपेक्षा आणि वेग ताशी २५ किमी.पेक्षा कमी, तसेच वजन मर्यादेत असेल तर असे वाहन मोटार वाहन गणले जात नाही. ताशी २५ किमी.ला सायकल व स्वार मिळून ऊर्जा एक वॉट-तासही भरत नाही. अथणी-रायबागकडच्या सपाट काळ्या रानात तर परतावा नगण्य, उलट थेट हब मोटरचा चुंबकीय अडसर पॅडल मारताना पायाला जाणवतो. घरी हब मोटर बसवून घेतलेल्या सायकलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. रीजनमुळे आसावरचा पीळ दर वेळी उलटा होतो. पुढे-मागे, पुढे-मागे असे होऊन नट ढिले पडतात आणि आस चिमट्याच्या खाचेत फिरू लागतो. तो फिरला की मोटरच्या तारा पिळून तुटतात. पीळ दोन्ही दिशांनी अडवणारी पोलादी पट्टी आसाला लावावी. नटाखाली दातेरी वायसर घालून आठवड्याला एकदा पाना फिरवून पाहावा. ॲल्युमिनियमच्या चिमट्यावर रीजनची हब मोटर बसवू नये.