इंग्रजीच्या तासाला साहित्य आणि लेखन एका दावणीला कसे बांधले गेले

माध्यमिकच्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, टाचण, म्हणजे तासाचं लेखी नियोजन, काढताना जास्त डोकं कुठे खाजवावं लागतं, तर बहुतेक जण सांगतील की वाचलेलं लिहून कसं घ्यायचं तिथे. धडा वाचून होतो, चर्चा पण मस्त रंगते, आणि मग "चला, आता यावर एक परिच्छेद लिहा" म्हटलं की सगळा वर्ग एकदम गार पडतो. याचं खापर आपण मुलांच्या आळसावर नाहीतर मोबाईलवर फोडतो, पण ही गाठ बरीच जुनी आहे आणि ती कुठे पडली ते माहीत असलं तर तासाचं नियोजन थोडं वेगळं सुचायला लागतं.

फार मागे जात नाही. इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून तसा वयाने लहानच. भारतात १८३५ च्या धोरणानंतर सरकारी पैशाच्या शिक्षणात त्याचं बस्तान बसत गेलं, आणि ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला १८९४ उजाडलं. त्याच सुमारास जर्मनीतून निघालेली पंचपदी शिक्षक प्रशिक्षणात सगळीकडे पसरत होती. पंचपदी म्हणजे कुठलाही धडा ठरावीक पाच पायऱ्यांनी शिकवायची पद्धत. पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्यातली चौथी पायरी सामान्यीकरणाची, म्हणजे उदाहरणांतून नियम काढायची. भूमितीच्या प्रमेयाला ती फिट बसते, कवितेला नाही बसत. कवितेतून नियम काढायला गेलात की हातात तात्पर्य उरतं आणि कविता निसटते. तरी टाचणाच्या वहीतले रकाने वर्षानुवर्षं तेच राहिले.

खरी गाठ पडली १८७४ साली. अमेरिकेतल्या एका जुन्या नामांकित विद्यापीठाने प्रवेश परीक्षेत एक अट घातली, उमेदवाराने छोटा इंग्रजी निबंध लिहायचा, स्पेलिंग, विरामचिन्हं, व्याकरण सगळं चोख, आणि विषय येणार आधी जाहीर केलेल्या नामवंत लेखकांच्या पुस्तकांतून. पहिल्या वर्षीच्या यादीत शेक्सपिअरची तीन नाटकं होती. म्हणजे बघा, लिहिता येतं का हे तपासायचं होतं, वाचलंय का हे पण तपासायचं होतं, दोन्ही एकाच प्रश्नात उरकून टाकलं. परीक्षा घेणाऱ्यांची सोय झाली, पण त्या दिवसापासून शाळेत लेखन म्हणजे "वाचल्याचा पुरावा" हे समीकरण पक्कं होत गेलं. बाकीची विद्यापीठं पण आपापल्या याद्या काढायला लागली, शाळांना त्या पुऱ्या करताना नाकीनऊ आले, आणि १९११ मध्ये शिकागोत इंग्रजीच्या शिक्षकांनी स्वतःची संघटना काढली त्यामागे या याद्यांचा रागच मोठा होता.

पुढची पन्नास वर्षं पटकन सांगतो. १९२९ मध्ये केंब्रिजच्या एका प्राध्यापकाने कवीचं नाव झाकून कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि त्यांनी काय काय चुकीचं वाचलं ते पुस्तकात मांडलं, शाळेतला "न पाहिलेल्या कवितेवरचा प्रश्न" त्याच परंपरेतला. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासक बाईंनी उलट बाजू धरली, अर्थ फक्त मजकुरात नसतो, वाचणारा आणि मजकूर समोरासमोर आले की तो घडतो. माझ्या मते माध्यमिकच्या शिक्षकाने टाचण काढायच्या आधी मनात ठेवावं असं हे सगळ्यात कामाचं वाक्य.

मग १९६६. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या एका कॉलेजात ब्रिटन आणि अमेरिकेतले पन्नासच्या आसपास शिक्षक-अभ्यासक उन्हाळ्यात काही आठवडे एकत्र बसले, प्रश्न एकच, इंग्रजी हा विषय म्हणजे नेमकं काय? कौशल्यं, सांस्कृतिक वारसा, की मुलाची स्वतःची वाढ? ब्रिटनकडचे बरेच जण वाढीच्या बाजूचे होते आणि तिथून नाट्यीकरण, गप्पा, स्वतःच्या अनुभवावरचं लेखन या गोष्टींना तासात मानाची जागा मिळाली. १९७१ मध्ये बारावीच्या फक्त आठ विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करत लिहायला लावून एक अभ्यास झाला, त्यातून दिसलं की लिहिणारं मूल मागे जातं, थांबतं, खोडतं, सरळ रेषेत लिहीत नाही. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवायचं असं उन्हाळी शिबिर सुरू झालं, अट अशी की तिथे शिक्षकाने स्वतः लिहायचं. कच्चा खर्डा, एकमेकांना वाचून दाखवणं, पुन्हा लिहिणं हे शब्द टाचणात आले ते या दशकात. पण १९७५ च्या डिसेंबरातच एका अमेरिकन साप्ताहिकाने मुखपृष्ठावर मुलांना लिहिता येत नाही म्हणून हाकाटी केली आणि "पुन्हा मूळ गोष्टींकडे चला" सुरू झालं, व्याकरण शिकवा, व्याकरण शिकवा. खरंतर १९६३ च्याच एका मोठ्या आढाव्याने सांगून टाकलं होतं की नुसतं औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही, उलट लिहायच्या सरावाचा वेळ खाल्ला जातो.

इंग्लंडमध्ये १९८८ नंतर राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, १९९३ मध्ये चौदा वर्षांच्या मुलांच्या इंग्रजीच्या चाचण्यांवर शिक्षकांनी बहिष्कार घातला, आणि २००१ पासून अकरा ते चौदा वयोगटासाठी जी सरकारी मोहीम निघाली तिने तासाचे तुकडे ठरवून दिले, आधी पाच-दहा मिनिटांची चुणचुणीत कृती, मग मुख्य भाग, शेवटी सगळ्यांनी मिळून उजळणी. आणि फळ्यावर उद्दिष्ट.

आता ज्यावरून अजून भांडणं होतात त्यावर येतो, मुद्दा-पुरावा-स्पष्टीकरण. याच काळात हा तीन खणी परिच्छेद इंग्लंडच्या वर्गांत सर्रास झाला आणि तिथून वर्कशीटमधून जगभर गेला, पुढे त्याला चौथा, पाचवा खण पण लागला. हेतू चांगलाच होता. ज्या मुलाला साहित्यावर लिहायचं म्हणजे काय हेच कळत नाही त्याच्या हातात काहीतरी धरायला आलं, आणि अशा मुलांसाठी तो खरंच आधार होता, हे मान्य केलंच पाहिजे. बिघडलं कुठे, तर आधार काढून घ्यायची वेळ टाचणात कुणी लिहिलीच नाही, कारण तपासणाऱ्याला तिन्ही खण भरलेले दिसले की गुण द्यायला सोपं जातं. १८७४ ची गोष्टच परत, सोय कुणाची आणि शिकतंय कोण.

एक उदाहरण मराठीतच देतो म्हणजे पटकन कळेल. समजा गोष्टीत वाक्य आहे, "तिने दार उघडं ठेवलं आणि झोपायला गेली." तीन खण भरणारं मूल लिहितं, "तिने दार बंद केलं नाही. लेखकाने 'उघडं' हा शब्द वापरला आहे. यावरून दार उघडं होतं हे कळतं." मुद्दा आहे, पुरावा आहे, स्पष्टीकरण पण आहे, आणि वाचन शून्य. आता त्याच मुलाला सांगा, "ठेवलं" काढ आणि "राहिलं" घाल, मग वाच. "दार उघडं राहिलं आणि ती झोपायला गेली." पाच मिनिटं शेजारच्याशी बोलू द्या. कुणीतरी म्हणतंच, सर, राहिलं म्हणजे विसरली, ठेवलं म्हणजे कुणीतरी यायचंय! झालं, सगळं त्यात आलं. मग सांगा, कोण यायचंय ते दोन ओळींत तू लिही, पण त्याचं नाव घ्यायचं नाही. हे लिहिताना मूल मूळ वाक्याकडे चार वेळा परत जातं आणि त्यानंतर त्याला स्पष्टीकरण लिहायला सांगितलं तर ते लिहायला त्याच्याकडे काहीतरी असतं. क्रम फक्त बदलला, आधी शब्दाशी झटापट, मग परिच्छेद.

"एंगेजिंग" तास या शब्दाचा गोंधळ पण इथेच होतो. २००४ च्या एका बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या आढाव्याने मुलांच्या रंगण्याचे तीन प्रकार वेगळे केले, वागण्यातलं, भावनेतलं आणि विचारातलं. म्हणजे हात वर करणं वेगळं, तास आवडणं वेगळं आणि डोकं घालणं वेगळं. नियोजनात आपण पहिल्या दोनच्या मागे लागतो, गेम, पोस्टर, व्हिडिओ, प्रश्नमंजुषा, आणि तिसऱ्याला वेळ उरत नाही. पोस्टरमध्ये मुलं तासभर रंगवण्यात रंगतात पण पात्राबद्दल नवीन वाक्य एकही निघत नाही, हे कित्येकांनी बघितलं असेल. २००७ मध्ये किशोरवयीन मुलांच्या लेखनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा निघाला, त्यात उपयोगी ठरलेल्या अकरा गोष्टी दिल्या होत्या आणि सगळ्यात जास्त परिणाम दिसला तो आखणी, पुनर्लेखन, संपादन कसं करायचं हे उघडपणे शिकवण्याचा. एकत्र मिळून लिहिणं आणि छोटी वाक्यं जोडून मोठी करणं पण त्या यादीत आहे. यातलं काहीच झगमगीत नाही, तरी वर्गात जिवंत वाटतं, कारण मुलाला स्वतःचं वाक्य सुधारताना दिसतं.

नंतरच्या दहा-बारा वर्षांत दोन्हीकडून ओढाताण वाढली. २०१४ मध्ये इंग्लंडच्या शाळा तपासणी यंत्रणेने जाहीर केलं की तपासणीला प्रत्येक तासाचं लेखी टाचण दाखवायची गरज नाही, आणि तिथल्या शिक्षकांचा जीव थोडा भांड्यात पडला. पण २०१५ पासून तिथे सोळाव्या वर्षाच्या परीक्षेचा साहित्याचा नवा अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात झाली, २०१७ ची पहिली परीक्षा पुस्तक बंद ठेवून, मग अवतरणं पाठ करायच्या कार्डांनी तास भरायला लागले. आणि २०२२ च्या नोव्हेंबरनंतर चॅटबॉट आले, जे तीन खणी परिच्छेद अर्ध्या मिनिटात बिनचूक लिहून देतात. घरून लिहून आणलेला परिच्छेद पुरावा म्हणून चालेनासा झाला, त्यामुळे बरेच शिक्षक लेखन परत वर्गात आणताहेत, वहीत, हाताने, खाडाखोडीसकट, आणि "ठेवलं" का "राहिलं" यावर शेजाऱ्याशी वाद घालायला दिलेली पाच मिनिटं टाचणात वेगळी लिहून ठेवताहेत.